आजाऱ्याला खरे सांगावे काय?



नोव्हेंबर महिना आपण आपल्या मृतांसाठी राखून ठेवतो. कबरी साफ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, त्यांच्या नावाने मिस्सा देतो. ही आपली जुनी आणि चांगली रीत आहे. पण मृतांसाठी इतके करणारे आपण, मरणाच्या वाटेवर असलेल्यांशी कसे वागतो? त्यातला एकच प्रश्न आजच्या पाठात घेऊ या. ज्याचा आजार आता बरा होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्या माणसाला ते कळू द्यावे की नाही?

आजाऱ्यांच्या भेटीला गेलो की पुष्कळदा दारातच एक वाक्य ऐकू येते. "फादर, त्यांना काही ठाऊक नाही हं. तुम्ही काही बोलू नका." मुलगा, सून, कधी पत्नी स्वतः ओटीवर थांबवून हळू आवाजात हे सांगते. हॉस्पिटलचे रिपोर्ट कपाटात साड्यांखाली दडवलेले असतात. रोग्याला सांगितलेले असते की साधी गाठ आहे, औषधाने विरघळेल. किंवा कावीळ आहे, पथ्य पाळले की उतरेल. काही घरांतून असाही निरोप येतो की फादरांनी झगा न घालता यावे, पवित्र तेलाची डबी खिशातच असू द्यावी, नाहीतर पप्पा घाबरतील. मग काही आठवड्यांनी रात्री दोन वाजता फोन येतो, "फादर, ताबडतोब या, शुद्ध हरपली आहे."

अशा वेळी धर्मगुरू धावत जातो आणि अभ्यंग करतो. शुद्धीवर असता तर ज्याने हा संस्कार मागितला असता, अशा बेशुद्ध माणसालाही तो देण्याची ख्रिस्तसभेची परवानगी आहे. पण कन्फेशन त्याला करता येत नाही. ख्रिस्तशरीर गिळता येत नाही. वीस वर्षे ज्या भावाशी बांधावरून बोलणे बंद आहे, त्याला बोलावून घेता येत नाही. बायकोला "तू माझ्यासाठी फार केलेस" एवढेही म्हणता येत नाही. हे सगळे करायला त्याच्याजवळ वेळ होता. तो वेळ आहे, हेच त्याला कुणी कळू दिले नाही.

घरच्यांचे प्रेम खोटे असते असे मी म्हणत नाही. उलट प्रेमापोटीच हे घडते. 'धक्का बसेल, उमेद खचेल, चार दिवस जगायचे तर दोनच दिवस जगतील,' अशी भीती असते. शिवाय, मोकळेपणाने बोलू या का, सांगणाऱ्यालाही ते तोंडातून काढणे जड जाते. रोग्याला जपतो आहोत असे म्हणताना आपण कितीदा स्वतःलाच जपत असतो, हे ज्याचे त्याने तपासावे.

आता पहिला प्रश्न असा की रोग्याला खरोखरच काही कळत नाही काय? शरीर त्याचे आहे. कंबरेचा पट्टा महिन्याला एक भोक आत सरकतो आहे, हे तोच पाहतो. कधी न फिरकणारे नातेवाईक मुंबईहून फळे घेऊन येऊ लागतात. तो खोलीत आला की बोलणे थांबते. भेटायला येणारा प्रत्येकजण अर्धा वैद्य होऊन पाल्याचे नवे औषध सांगून जातो, पण डोळ्याला डोळा भिडवत नाही. एवढ्यावरून लहान मूलही ओळखेल. बार्नी ग्लेझर आणि अॅन्सेल्म स्ट्रॉस या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील हॉस्पिटलांमध्ये मरणासन्न रोग्यांचे निरीक्षण करून १९६५ साली एक पुस्तक लिहिले. रोग्याला खरेच ठाऊक नसते, रोग्याला संशय येतो, दोघांना ठाऊक असून दोघेही ठाऊक नसल्याचे सोंग करतात, आणि दोघे उघड बोलतात, अशा चार अवस्था त्यांनी सांगितल्या. आपल्या घरांत मला तिसरी अवस्था सर्वांत जास्त दिसते. रोगी मुलांसाठी सोंग करतो, मुले रोग्यासाठी. एकाच खोलीत दोघेही एकटे.

या एकटेपणाविषयी रशियन लेखक लिओ टॉलस्टॉय यांनी १८८६ साली 'इव्हान इलिच याचा मृत्यू' ही कथा प्रसिद्ध केली. आजारी न्यायाधीशाला दुखण्याइतकाच छळ होतो तो भोवतालच्या खोटेपणाचा. तू मरत नाहीस, फक्त आजारी आहेस, हे सगळ्यांचे नाटक. घरात एकच माणूस असे नाटक करीत नाही, तो म्हणजे शेतकरी कुळातला तरुण नोकर गेरासिम. तो धन्याचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन रात्रभर बसतो. धन्याला फक्त त्याच्याच सहवासात बरे वाटते. ज्यांना वाचनाची आवड आहे त्यांनी ही कथा जरूर वाचावी. ती लहान आहे.

पण मग खरे बोलणे नेहमीच बंधनकारक आहे काय? हा प्रश्न फार जुना आहे. संत ऑगस्टीन यांनी सुमारे ४२० साली असत्याविरुद्ध एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी आपल्यासारखेच एक घर डोळ्यांपुढे आणले आहे. बाप आजारी आहे, त्याचा मुलगा वारला आहे, आणि ही बातमी ऐकली तर बापाचा प्राण जाईल अशी अवस्था आहे. बाप विचारतो, माझा मुलगा जिवंत आहे ना? 'आहे' म्हटले तर खोटे, 'माहीत नाही' म्हटले तरी खोटे, आणि खरे सांगितले तर बाप मरेल. ऑगस्टीन कबूल करतात की या उदाहरणाने आपले मन हेलावते. तरीही खोटे बोलण्याची मुभा ते देत नाहीत. एकदा दयेपोटी लहान खोटे चालवले, की मोठ्या खोट्याला अडवायचे कुठे, ही त्यांची चिंता.

आठशे वर्षांनंतर संत थॉमस अक्वायनस यांनी याच मुद्द्यावर एक उपयुक्त भेद केला. कुणाला संकटातून वाचवण्यासाठीही असत्य बोलणे योग्य नाही. मात्र सत्य शहाणपणाने झाकून ठेवणे योग्य असू शकते. म्हणजे न बोलणे वेगळे आणि खोटे बोलणे वेगळे. सेमिनरीत हा भेद शिकताना तो केसाची चिरफाड केल्यासारखा वाटतो. आजाऱ्याच्या खाटेशी बसले की त्याची किंमत कळते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या श्रद्धाग्रंथाची शिकवणही याच दिशेने जाते (क्र. २४८८-८९). सत्य कळण्याचा हक्क सर्वांना सर्व प्रसंगी सारखा नसतो. ते कुणाला, केव्हा सांगावे हे शेजारप्रीतीने ठरवावे. तेव्हा आपल्या प्रश्नाला उत्तर असे, की रोग्याने विचारले नसेल तर त्याच्या अंगावर सगळे एकदम ओतण्याची सक्ती नाही. पण त्याने सरळ विचारले, तर 'तुम्हांला काही झालेले नाही' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरीही एक बाजू आहे. फार त्रासदायक आणि फायद्याच्या मानाने भलतेच जड असे उपचार थांबवता येतात, तसे करणे म्हणजे दयामरण नव्हे, असे श्रद्धाग्रंथ सांगतो (क्र. २२७८). आणि तो निर्णय, रोगी समर्थ असेल तर, रोग्याने स्वतः घ्यायचा आहे. ज्याला आपला आजारच ठाऊक नाही तो कसला निर्णय घेणार? मग मुले आपसांत भांडतात, एक म्हणतो व्हेंटिलेटर लावा, दुसरा म्हणतो घरी न्या, आणि जमीन गहाण पडते.

पवित्र शास्त्राकडे वळू. यशयाच्या अडतिसाव्या अध्यायात हिज्कीया राजा मरणाइतका आजारी आहे. संदेष्टा यशया त्याला येऊन सांगतो की आपल्या घरादाराची निरवानिरव कर, तू यातून उठणार नाहीस. राजा भिंतीकडे तोंड फिरवतो, प्रार्थना करतो आणि मोठ्याने रडतो. देव त्याला पंधरा वर्षे वाढवून देतो. हा वृत्तान्त २ राजे २० मध्येही आहे आणि तिथे एक बारकावा आहे. यशया मधल्या चौकातून बाहेरही पडला नव्हता, तोच देवाने त्याला माघारी पाठवले. ज्याने कडू बातमी दिली, त्यालाच पुन्हा रोग्याच्या उशाशी यावे लागले. त्यानेच अंजिराचा लेप लावायला सांगितला. सत्य, अश्रू, प्रार्थना आणि औषध ही चारही तिथे एकत्र आहेत. 'आम्ही चमत्कारासाठी प्रार्थना करतो आहोत, म्हणून सांगत नाही,' असे म्हणणाऱ्यांनी हे पाहावे. हिज्कीयाला खरे कळले म्हणूनच तो तसा रडला आणि तसा प्रार्थला.

आणि प्रभू येशू? मार्कच्या शुभवर्तमानात आठव्या, नवव्या आणि दहाव्या अध्यायांत तीन वेळा तो आपल्या मरणाविषयी शिष्यांशी उघड बोलतो. पहिल्या वेळी पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. आपल्या घरांतला "असं अभद्र बोलू नका हो बाबा" हा सूर तोच आहे. आजारी माणूस कधी कधी स्वतःच विषय काढतो, म्हणतो, "यंदाचा नाताळ काही मी बघत नाही." आपण लगेच त्याचे तोंड बंद करतो. येशूने पेत्राला किती कडक शब्दांत फटकारले हे आपणांस ठाऊक आहे. पुढे गेथशेमाने बागेत त्याने तिघांना जवळ घेतले आणि आपला जीव किती व्याकुळ झाला आहे ते सांगितले. त्याने त्यांच्याकडे उपाय मागितला नाही. जागे राहा, एवढेच मागितले.

डॉक्टरांविषयी थोडेसे. 'किती दिवस?' या प्रश्नाचे नेमके उत्तर त्यांच्याकडेही नसते. शिकागोमधील हॉस्पिसमध्ये दाखल झालेल्या ४६८ रोग्यांविषयी त्यांच्या डॉक्टरांचे अंदाज तपासणारा एक अभ्यास २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पाचांपैकी एकच अंदाज बरोबर ठरला. बहुतेक डॉक्टरांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त आयुष्य सांगितले होते. म्हणून तारीख सांगू नये. 'आजार गंभीर आहे, तो वाढतो आहे, आता बरे करण्यापेक्षा त्रास कमी करण्यावर भर देऊ,' इतके सत्य पुरेसे असते. आणि 'सांगितले की माणूस खचतो' या समजुतीबद्दल: २००८ साली अमेरिकेत ३३२ कॅन्सर रोगी आणि त्यांची सेवा करणाऱ्या घरच्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्याशी डॉक्टर शेवटच्या काळाविषयी मोकळेपणी बोलले होते, त्यांच्यात नैराश्य जास्त आढळले नाही. शेवटच्या आठवड्यात यंत्रांना जखडून राहण्याची वेळ त्यांच्यावर कमी आली, आणि तसे झाले तिथे मागे राहिलेल्या घरच्यांनाही पुढे दुःख सोसणे तुलनेने सोपे गेले. अमेरिका म्हणजे वसई नव्हे, हे मान्य. पण आपली भीती तपासून पाहायला एवढे पुरे.

याच शिकागोचे महागुरू कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांचे उदाहरण मला फार जवळचे वाटते. जून १९९५ मध्ये त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाल्याचे निघाले. शस्त्रक्रिया झाली, उपचार झाले. बरे वाटू लागताच ते इतर कॅन्सर रोग्यांना भेटू लागले, त्यांना पत्रे लिहू लागले. ऑगस्ट १९९६ मध्ये रोग यकृतात पसरल्याचे कळले. ३० ऑगस्टला त्यांनी पत्रकारांना बोलावून सांगितले की डॉक्टरांनी मला एक वर्ष किंवा त्याहून कमी दिले आहे. मरणाकडे शत्रू म्हणूनही पाहता येते आणि मित्र म्हणूनही. श्रद्धावंत म्हणून मी त्याला मित्र मानतो, असे ते म्हणाले. हा विचार त्यांना त्यांचे स्नेही फादर हेन्री नॉवेन यांच्याशी बोलताना मिळाला होता. वर्ष मिळालेच नाही. १४ नोव्हेंबरला, म्हणजे अकरा आठवड्यांत, ते वारले. पण त्या आठवड्यांत त्यांनी आपल्या धर्मगुरूंचा निरोप घेतला, एक पुस्तक पुरे केले आणि डॉक्टरांच्या मदतीने होणाऱ्या आत्महत्येविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यांना कुणी 'साधी सूज आहे' म्हणून सांगितले असते, तर यातले काय झाले असते?

त्यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. दुखणे जोरात असताना आपल्याला प्रार्थना करता येईना, म्हणून माणसाने बरे असतानाच प्रार्थना करावी. कार्डिनलांची ही स्थिती, तर आपली काय? आध्यात्मिक समाधान म्हणजे रोगी सतत हसतमुख राहील, रोझरी हातातून सुटणार नाही, असा समज करून घेऊ नका. बालयेशूची संत तेरेजा हिला १८९६ च्या पवित्र गुरुवारच्या रात्री पहिल्यांदा रक्ताची उलटी झाली. आपल्याला काय झाले आहे ते तिने ओळखले आणि ती आनंदली. पण त्याच पास्काच्या दिवसांत तिच्या मनावर असा काळोख उतरला की स्वर्ग आहे की नाही हेच तिला दिसेना. तो काळोख ३० सप्टेंबर १८९७ ला, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिचे निधन होईपर्यंत राहिला. आजारी माणूस देवावर रागावला, 'मीच का?' म्हणाला, मिस्साला टीव्ही बंद करा म्हणाला, तर लगेच त्याला उपदेश करू नये. ऐकून घ्यावे.

आणि आधी दुखणे थांबवावे. पोटात आग पेटलेली असताना आत्म्याच्या गोष्टी सुचत नाहीत. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स सांगत, की मरणाऱ्याची वेदना एकच असली तरी तिच्यात शरीर, मन, घरदार आणि आत्मा या चारही ठिकाणचे दुःख मिसळलेले असते. मॉर्फीनला आपले लोक बिचकतात. पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच स्पष्ट केले आहे की वेदना शमवण्यासाठी असे औषध घेणे पाप नाही, त्याने आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तरीही. मात्र गंभीर कारण नसताना रोग्याची शुद्ध घालवू नये, त्याला आपली शेवटची कर्तव्ये करता यावीत, असेही त्यांनी सांगितले. आपल्याजवळचे ठिकाण म्हणजे बांद्र्याचे शांती आवेदना सदन. डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली सुरू केलेले हे भारतातील पहिले हॉस्पिस. तिथे सिस्टर्स बऱ्या न होणाऱ्या कॅन्सर रोग्यांची सेवा करतात.

मग सांगायचे कसे? आजाराची बातमी देणे हे मुळात डॉक्टरांचे काम आहे. ते फादरांवर ढकलू नये, आणि शेजाऱ्यांवर तर नाहीच. घरातल्या ज्याच्यावर रोग्याचा जीव आहे, त्याने डॉक्टरांबरोबर बसावे. प्रथम सांगू नये, विचारावे. "बाबा, तुम्हांला तुमच्या आजाराबद्दल काय वाटतं?" "डॉक्टर काय म्हणाले ते ऐकायचं आहे का?" काहीजण म्हणतील, 'नको, तूच बघ.' त्यांचा हा नकारही आपण मानला पाहिजे. सत्य हे कुणाच्या डोक्यात मारायचे शस्त्र नव्हे. काहीजण आज नाही म्हणतील आणि चार दिवसांनी रात्री पाणी मागता मागता विचारतील. त्या वेळी दिवा लावून जवळ बसायची तयारी हवी. एका वेळी एक घोट. सांगून झाल्यावर खोलीतून निघून जाऊ नये. रडू आले तर रडावे. लेकाचे अश्रू पाहून बाप मरत नाही. आणि घरातल्या नातवंडांना मामाच्या गावी धाडून देऊ नये. त्यांनाही आजोबांचा हात धरायचा असतो.

आता संस्काराविषयी एक गैरसमज काढून टाकू. 'तेल लावले म्हणजे माणूस संपला' ही समजूत आपल्या आज्या-पणज्यांच्या काळची आहे, कारण तेव्हा हा संस्कार अगदी अखेरीसच दिला जाई. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ सालीच सांगितले की 'अंत्याभ्यंग' म्हणण्यापेक्षा याला आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणणे अधिक योग्य, आणि तो केवळ अखेरच्या घटकेसाठी नाही. आजारामुळे किंवा वार्धक्यामुळे जिवाला धोका सुरू झाला की तो घ्यावा. मोठ्या शस्त्रक्रियेआधी घ्यावा. आजार बळावला तर पुन्हा घेता येतो. याकोबाने आपल्या पत्रात (५:१४-१५) सांगितले आहे की आजाऱ्याने स्वतः मंडळीच्या वडिलांना बोलावून घ्यावे. बोलावणारा आजारी आहे, त्याचे घाबरलेले नातेवाईक नव्हेत! पोप संत जॉन पॉल दुसरे यांना ३१ मार्च २००५ च्या संध्याकाळी हा संस्कार देण्यात आला; ते पुन्हा हॉस्पिटलात गेले नाहीत, आपल्या खोलीतच राहिले आणि २ एप्रिलला वारले. शेवटचा संस्कार खरे तर तेल नव्हेच. तो ख्रिस्तशरीर आहे, त्या प्रवासाची शिदोरी.

पाच दशकांच्या रोझरीत आपण त्रेपन्न वेळा पवित्र मरियेला आपल्या मरणाच्या घटकेची आठवण करून देतो. सर्व संतांच्या लितानीत आपले पूर्वज अचानक येणाऱ्या मरणापासून सुटका मागत. आज मात्र 'झोपेतच जावे' हा आशीर्वाद झाला आहे. त्यांना तयारीला वेळ हवा होता. आपल्याला तो नकोसा झाला आहे.

तेव्हा घरात कुणाचा आजार गंभीर वळणावर असेल तर रात्रीच्या फोनची वाट पाहू नका. दिवसा कार्यालयात येऊन नाव द्या किंवा विभागप्रमुखांकडे निरोप ठेवा. धर्मगुरू येण्याआधी खाटेजवळ लहान टेबल, त्यावर पांढरे कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, पवित्र पाणी आणि थोडा कापूस ठेवा. टीव्ही बंद करा, घरच्यांना जमवा. कन्फेशनसाठी मात्र पाच मिनिटे सर्वांनी बाहेर जावे. पेलाभर पाणी आणि चमचा हाताशी असू द्या. ख्रिस्तशरीर गिळायला घशाला ओल लागते, आणि रोग्याला फारसे गिळता येत नसेल तर तसे आधी सांगा, अगदी लहानसा कणही पुरतो.